पळसनाथाचं जुनं गाव

उजनी धरणाचा उपयुक्त साठा संपून पाणी मायनसमध्ये गेलं की पळसदेवचं पळसनाथाचं जुनं देऊळ पाण्याबाहेर येतं. 2024च्या उन्हाळ्यात ते जवळजवळ सगळं उघडं पडलं, तेव्हा आत्यानं धोशाच लावला. मग बारामतीहून भिगवणमार्गे गाडी काढली.

जुनं पळसदेव म्हणजे तिचं आजोळ. सुट्टीत भीमेच्या वाळूतली कलिंगडं, सकाळी लसणाची फोडणी दिलेलं हुलग्याचं माडगं. तसं माडगं पुढं कुणाच्या हातचं मिळालं नाही म्हणते. तिची आईही तिच्या आईबद्दल हेच म्हणत असणार! श्रावणी सोमवारी तिचे मामा देवळात शिवलीलामृताचा अकरावा अध्याय वाचायचे. (श्रीधरस्वामींनी ती पोथी आमच्या बारामतीत, शके 1640मध्ये पुरी केली, हे आम्ही बारामतीकर कुणी विचारलं नाही तरी सांगतो.)

मग धरण आलं. 1980ला उजनी पुरी झाली, 117 टीएमसीची, आणि भीमाकाठची गावंच्या गावं उठली. लोकांनी चौकटी, तुळया, पत्रे उचकटून बैलगाड्यांत घातले. मामी जात्यासाठी अडून बसली, तर मामा म्हणाले म्हणे, "अगं, आधी माणसं हलू देत." जातं गाडीत चढलं की तिथंच राहिलं, यावर आत्याचं नि माझ्या वडिलांचं शेवटपर्यंत जमलं नाही.

भेगाळलेल्या गाळातून आत्याला धरून धरून देवळापर्यंत नेलं. इतकी वर्षं पाण्यात काढून विटांचं शिखर अजून उभं. दगडांच्या सांध्यांत शिंपले अडकलेले. भोवती वीरगळ पडलेले. त्यातल्या एकावरचा गाळ आत्यानं पदरानं पुसला, तशी खाली झुंज, मध्ये वीराला वर नेणाऱ्या अप्सरा आणि माथ्याला पिंडीपुढं हात जोडून बसलेला तो, असं सगळं उमटलं. आजीच्या माहेरी अशा दगडांना बाया हळदीकुंकू वाहायच्या. कोण वीर, कुठली लढाई, याची विचारपूस कुणी केली नाही. आपला म्हटला की झालं.

पलीकडं पोरांचं रील चाललं होतं. आत्या त्यांना म्हणाली, "हौसेनं बघण्यासारखं न्हाई रं हे. देऊळ दिसलं की दुष्काळ आला समजा."

खरंच आहे. देऊळ बुडालेलं असतं तेव्हा इंदापूरचा ऊस तरारतो, सोलापूरच्या नळाला पाणी येतं, भिगवणची मच्छी ताटात पडते. ज्यांची घरं धरणाच्या पाण्याखाली गेली, त्यांच्याच नातवंडांचा ऊस त्या पाण्यावर उभा आहे, म्हणून धरणाला सरळ शिव्या घालणं आमच्या घरात कुणाला कधी जमलं नाही.

तेव्हा देऊळ पाण्यात असलं तर हळहळू नका. पळसनाथाची पिंड गावकऱ्यांनी नव्या पळसदेवात आणून बसवली आहे. गाव पुणे-सोलापूर महामार्गालाच आहे, बाराही महिने दर्शन होतं.