अॅबरफॅनचा ढिगारा व निचऱ्याचा प्रश्न

साउथ वेल्समधील अॅबरफॅन गावावर २१ ऑक्टोबर १९६६ रोजी कोळशाच्या खाणीतील टाकाऊ दगडमातीचा ढिगारा कोसळून १४४ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी ११६ मुले होती. ही आपत्ती अकल्पित होती, असे मात्र म्हणता येत नाही. १९५८ मध्ये आरंभलेला हा ढिगारा डोंगरउतारावरील झऱ्यावरच रचला गेला. तो झरा नकाशांत नोंदलेला होता. १९४४ मध्ये शेजारचा ढिगारा आणि १९६३ मध्ये हाच ढिगारा घसरलाही होता. अंतर्भागात पाणी साचले म्हणजे कणांमधील जलदाब वाढतो, घर्षण क्षीण होते आणि ढिगारा द्रवाप्रमाणे वाहू लागतो. चौकशी न्यायाधिकरणाने १९६७ मध्ये राष्ट्रीय कोळसा मंडळास दोषी ठरविले. ढिगाऱ्यांविषयी मंडळाचे काही धोरणच नव्हते. १९६९ च्या कायद्याने चालू ढिगाऱ्यांच्या सुरक्षिततेची जबाबदारी निश्चित केली. परित्यक्त ढिगाऱ्यांबाबत स्थानिक संस्थांना अधिकार मिळाले, परंतु नियमित पाहणीचे कर्तव्य त्यांच्यावर आले नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये अतिवृष्टीने टायलर्सटाउन येथील जुना ढिगारा घसरला, तेव्हा ही उणीव उघड झाली. ढिगाऱ्यावर गवत उगवले म्हणून तो स्थिर झाला असे होत नाही. त्यातील पाण्यावर लक्ष ठेवणे हे कोणाचे तरी कर्तव्य असावे लागते.