पोशाखाची दोन आत्मकथने

आधुनिक भारतीय पुरुषाच्या वेशभूषेचा इतिहास बहुधा स्वदेशी आणि विलायती या द्वंद्वातून मांडला जातो. दोन आत्मकथने शेजारी ठेवून वाचली असता ही मांडणी अपुरी ठरते. महात्मा गांधींनी लंडनमधील विद्यार्थिदशेचे (१८८८-१८९१) वर्णन करताना बॉण्ड स्ट्रीटवर दहा पौंडांना शिवविलेला सूट, उंच हॅट, बंधूंकडून मागविलेली घड्याळाची सोन्याची दुपदरी साखळी आणि आरशासमोर टाय व भांग नीट करण्यात रोज जाणारी दहा मिनिटे यांची नोंद केली आहे. येथे पाहणारा आणि न्याय करणारा ते स्वतःच आहेत. १९२१ मध्ये मदुराई येथे दरिद्री जनतेशी एकरूप होण्यासाठी पंचा स्वीकारला, तो निर्णयही त्यांचाच होता.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये १९०१ मधील एक प्रवास येतो. नवे सदरे, झगमगत्या टोप्या, रेशीमकाठी धोतरे व नवे जोडे घातलेली मुले मसूर स्थानकावर उतरतात. स्टेशनमास्तर त्यांना ब्राह्मणांची मुले समजतो. जात कळताच त्याचा चेहरा पालटतो. पोशाख मात्र तोच असतो.

पहिल्या कथनात नेटका पोशाख हा मोह आणि संयम यांचा प्रश्न आहे. दुसऱ्यात तो सामाजिक मान्यतेचा आहे. त्यागालाही आधी अधिकार लागतो. हा अधिकारच ज्यांना नाकारला गेला, त्यांच्या दृष्टीने रोजचा व्यवस्थित पोशाख ही प्रतिष्ठेची मागणी ठरते. आंबेडकरांच्या उत्तरकालीन सुटाकडे केवळ पाश्चात्त्य अनुकरण म्हणून पाहिल्यास हा इतिहास नजरेआड होतो.