आवाजाने आवाज मिटतो तेव्हा

मे महिन्यात छत्रपती संभाजीनगरात घरोघरी कूलरची घरघर चालू असते. अशा खोलीत अभ्यासाला बसलेली मुलगी गोंगाट मिटवणारा हेडफोन कानांवर चढवते आणि घरघर जवळजवळ नाहीशी होते. ती जाते कोठे?

ध्वनी म्हणजे हवेतील संपीडने आणि विरलने. एका ध्वनीच्या संपीडनावर तेवढ्याच तीव्रतेच्या दुसऱ्या ध्वनीचे विरलन नेमके आले, तर दोन्ही नाहीसे होतात. जर्मनीच्या पॉल ल्यूग यांना या कल्पनेसाठी १९३६ साली अमेरिकी पेटंट मिळाले. परंतु आवाज टिपून त्याचा उलटा आवाज तत्काळ निर्माण करणे तेव्हाच्या साधनांना जमणारे नव्हते. १९७८ साली विमानाच्या आवाजामुळे हेडफोनवरील संगीत नीट ऐकू येईना, तेव्हा भारतीय वंशाचे अमेरिकी अभियंते अमर बोस यांनी त्याच प्रवासात गणिते मांडायला घेतली. त्यांच्या कंपनीचा वैमानिकांसाठीचा हेडफोन १९८९ साली आला; सामान्य ग्राहकांसाठीचा २००० साली.

कुकरची शिट्टी मात्र ऐकू येतेच. १०० हर्ट्झच्या घरघरीची तरंगलांबी सुमारे साडेतीन मीटर असते. उलटा आवाज किंचित उशिरा आला तरी चालते. शिट्टीची तरंगलांबी काही सेंटिमीटरच. तेथे तेवढाच उशीर मेळ बिघडवतो.

वर्गात आणखी एक गोष्ट सांगावी. घरघर मिटते ती फक्त त्या मुलीच्या कानांपुरती. शेजारी झोपू पाहणाऱ्या आजीसाठी ती तशीच राहते. आजीसाठी कूलरचा खिळखिळा पत्राच घट्ट करायला हवा.