मैथुनप्रकार, वसाहती हिरव्या शैवलांतील

लैंगिक प्रजननात कोणत्या शैवलाची पेशी कोणाशी जुळू शकेल, हे ठरवणारी आनुवंशिक विभागणी म्हणजे मैथुनप्रकार. गोड्या पाण्यातील काही हिरव्या शैवलांत ही विभागणी ‘अधिक’ आणि ‘उणे’ एवढीच असते आणि दोन्हींची युग्मके, म्हणजे एकमेकांत मिसळणाऱ्या लैंगिक पेशी, दिसायला सारखी असतात. इतर काहींत ती नर-मादी अशी उघड दिसते. गोनियम, पँडोरिना, युडोरिना, प्लिओडोरिना आणि व्हॉल्व्हॉक्स ही परिचित वसाहती, म्हणजे अनेक पेशी एकत्र राहणारी, शैवले असून एकपेशीय क्लॅमिडोमोनस त्यांचे जवळचे नातेवाईक आहे. सारखी युग्मके, लहानमोठी युग्मके आणि थेट अंडे-शुक्राणू असे सगळे टप्पे या एकाच गोतावळ्यात आजही जिवंत सापडतात. नर आणि मादी हा भेद मुळात उपजला कसा, या प्रश्नाचा इतका सलग पुरावा दुसऱ्या कोणत्या सजीवगटात मिळणे कठीण.

या अभ्यासाची एक जुनी मुळी मुंबईत आहे. ईस्ट इंडिया कंपनीचे शल्यवैद्य हेन्री जॉन कार्टर (१८१३–१८९५) यांची १८४० आणि १८५० च्या दशकांतली बरीच वर्षे मुंबईत गेली. भूगर्भ, गोड्या पाण्यातले स्पंज, सूक्ष्मजीव असे त्यांच्या आस्थेचे अनेक विषय होते. युडोरिनाच्या फलनावर १८५८ मध्ये आणि व्हॉल्व्हॉक्सच्या दोन जातींच्या फलनावर १८५९ मध्ये त्यांनी निबंध प्रसिद्ध केले, ते मुंबई बेटावरच्या पाण्यात केलेल्या निरीक्षणांच्या बळावर. जर्मन प्राणिशास्त्रज्ञ फ्रीडरिक श्टाइन यांनी १८७८ मध्ये यांतल्या एका जातीला ‘व्हॉल्व्हॉक्स कार्टेरी’ असे नाव दिले. जगभरच्या प्रयोगशाळांत लिंगनिश्चितीसाठी सर्वाधिक वापरली जाणारी वसाहती शैवलजाती हीच. कार्टर यांची गल्लत मुंबईतच काम केलेल्या हेन्री व्हॅनडाइक कार्टर यांच्याशी नेहमी होते. ग्रे यांच्या शरीररचनेच्या ग्रंथातली चित्रे त्या दुसऱ्या कार्टरांची. शैवलांचे कार्टर वेगळे, आणि त्यांचे नाव मुंबईच्या विज्ञानेतिहासात आहे त्याहून मोठ्या अक्षरांत असायला हवे.

भारतीय वसाहती शैवलांचा पुढचा पाया मद्रासच्या एम. ओ. पी. अय्यंगार यांनी १९३० च्या दशकात घातला. कार्टेरीचा ‘नागरिएन्सिस’ हा प्रकार त्यांनीच नोंदवला. अमेरिकन शैवलतज्ज्ञ रिचर्ड स्टार यांनी याच प्रकाराचे जपानमधून मिळालेले नर-मादी वाण वाढवून १९६९ मध्ये त्यांचे सविस्तर वर्णन केले आणि आजचे बहुतेक जनुकीय काम त्या वाणांवर उभे राहिले. मुंबईजवळची नोंद म्हणजे एला गोन्साल्विस आणि जोशी यांचा वांद्र्याच्या तळ्यातील शैवलांच्या ऋतुक्रमावरचा १९४६ चा निबंध. तो मुंबई नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात आला.

जनुकांचे गणित समजायला क्लॅमिडोमोनसपासून सुरुवात करावी लागते. या शैवलाच्या आयुष्याचा मोठा भाग एकगुणित असतो, म्हणजे पेशीत गुणसूत्रांचा एकच संच असतो. त्यामुळे माणसासारखी एक्स-एक्स, एक्स-वाय अशी जोडी इथे नसते; पेशीकडे ‘अधिक’चा तुकडा असतो किंवा ‘उणे’चा. दोन लाखांहून अधिक बेसजोड्यांच्या या पट्ट्याला मैथुनस्थान म्हणतात. दोन्ही प्रकारांत त्याची मांडणी इतकी उलटसुलट झालेली असते की तिथे पुनर्संयोजन, म्हणजे जनुकांची अदलाबदल, जवळजवळ होतच नाही, आणि पट्टा पिढ्यान्‌पिढ्या एकसंध उतरतो. नायट्रोजन संपला की पेशी युग्मके होतात, कशाभिकांनी, म्हणजे पोहण्याच्या चाबकासारख्या शेपट्यांनी, एकमेकींना चिकटतात आणि मिसळतात. मिसळण्यासाठी लागणारे ‘फस-१’ हे जनुक ‘अधिक’ पट्ट्यावर असते. ‘उणे’ पट्ट्यावर ‘मिड’ असते, आणि सगळी सूत्रे त्याच्या हाती आहेत. पॅट्रिक फेरिस आणि उर्सुला गुडइनफ यांनी १९९७ मध्ये दाखवले की ‘अधिक’ पेशीत मिड घातले तर ती ‘उणे’सारखी वागते. म्हणजे मिड असेल तर ‘उणे’, नसेल तर ‘अधिक’.

वसाहती जातींत हेच मिड पुढे काय करते, हे इथले खरे कोडे होते. हिसायोशी नोझाकी आणि सहकाऱ्यांना २००६ मध्ये प्लिओडोरिना स्टारी या जातीत फक्त नरांत सापडणारे एक प्रथिन मिळाले. ते मिडचेच भावंड निघाले. त्यातून नर हा ‘उणे’ प्रकारातून उत्क्रांत झाला हे उघड झाले. व्हॉल्व्हॉक्स कार्टेरीचे मैथुनस्थान फेरिस, जेम्स उमेन आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये उलगडले. ते दहा लाखांहून अधिक बेसजोड्यांचे, म्हणजे क्लॅमिडोमोनसच्या सुमारे पाचपट होते, आणि त्यात लैंगिक विकासाशी निगडित अशी कितीतरी जनुके सामावलेली आढळली.

तेव्हा असा तर्क सहज बांधला गेला की नर-मादीचा फरक वाढला म्हणून मैथुनस्थानही फुगले. युडोरिनाने तो मोडीत काढला. या शैवलाची युग्मके लहानमोठी असूनही नराचे लिंगनिश्चिती क्षेत्र अवघे सात हजार बेसजोड्यांचे, आणि त्यात मिड हे एकच जनुक, असे २०१८ मध्ये ताकाशी हामाजी आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले. लहानमोठ्या युग्मकांसाठी मोठे क्षेत्र लागतेच असे नाही, ही या विषयातली माझ्या मते सर्वांत मोलाची दुरुस्ती.

त्याआधी, २०१४ मध्ये, उमेन यांच्या प्रयोगशाळेतून व्हॉल्व्हॉक्सवरचा निर्णायक प्रयोग प्रसिद्ध झाला होता. मादीच्या वसाहतीत मिड घालून चालू केले, तेव्हा अंडी व्हायच्या पेशी विभागून शुक्राणूंच्या पुंजक्या तयार झाल्या. नरात मिड दाबले, तेव्हा त्याने फलनक्षम अंडी दिली. काही वसाहती तर स्वतःशीच फलन करू शकणाऱ्या उभयलिंगी झाल्या. गुणसूत्र मादीचे आणि देह नराचा, असा हा पेच मुद्दाम घडवला होता. मात्र अशा उलटवलेल्या वसाहतींचे प्रजनन नैसर्गिक जोडीइतके सुरळीत चालत नाही. नर की मादी हे मिड ठरवते. ते काम नीट पार पाडायला मैथुनस्थानातली बाकीची जनुके लागतात.

व्हॉल्व्हॉक्सच्या सर्वच जातींत नर-मादी वेगळे नसतात. एकाच वाणात दोन्ही प्रकारची युग्मके देणाऱ्या व्हॉल्व्हॉक्स आफ्रिकानसच्या जनुकसंचाचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मादीकडून आलेला पट्टा जवळपास शाबूत सापडला आणि मिड वेगळ्या जागी जाऊन बसलेले दिसले.

आता प्रत्यक्ष पाण्याकडे. नागरिएन्सिसच्या अलैंगिक गोलात सुमारे २,००० लहान कायिक पेशी आणि १६ मोठ्या प्रजननपेशी असतात. लैंगिक मादीत त्यांच्या जागी ३० ते ५० अंडी दिसतात. नर गोल छोटा असतो आणि त्याच्या पृष्ठभागावर शुक्राणूंच्या पुंजक्या चपट्या चकत्यांसारख्या बसलेल्या असतात. हे लैंगिक रूप एका ग्लायकोप्रथिनामुळे येते. १० चा ऋण १६ वा घात मोलर इतक्या विरळ प्रमाणातही ते काम करते. डेव्हिड आणि मेरिलिन कर्क यांनी १९८६ मध्ये दाखवले की उष्णतेचा धक्का बसला की कायिक पेशीच हे द्रव्य तयार करतात. उन्हाळ्यात आटणाऱ्या डबक्यात याचा अर्थ सरळ आहे. पाणी तापते, वसाहती लैंगिक होतात, फलित अंड्याभोवती जाड कवच चढते, आणि नारिंगी-लाल रंगाचा हा युग्मनज चिखलात पावसाची वाट पाहतो. पाणी आले की अर्धसूत्री विभाजन होते आणि संतती नर की मादी हे तिथे ठरते.

ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीच्या वाचकाला हे चक्र अपरिचित नाही. मे महिन्यात तापणारी डबकी, जूनमध्ये भरणारी भातखाचरे, मासुंदा, उपवन, कचराळी ही ठाण्याची तळी, कल्याणचा काळा तलाव: ही वसाहती शैवले अशाच संथ गोड्या पाण्यात वाढतात. सांडपाणी मिसळून पाणी निळ्या-हिरव्या जिवाणूंच्या साईने झाकले गेले की त्यांची जागा जाते. तळ्याचा गाळ उपसताना तळाशी विसावलेले युग्मनजही ट्रकमध्ये जातात, याचा हिशेब सुशोभीकरणाच्या आराखड्यात सहसा नसतो. तो असायला हवा.

हे शैवल पाहायला फार सामग्री लागत नाही. पाणी काचेच्या बरणीत घेऊन खिडकीशी ठेवले तर अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचे हिरवे ठिपके गिरक्या घेत उजेडाच्या बाजूला जमतात. साध्या भिंगातून आतले कन्यागोल दिसतात, आणि कमी शक्तीच्या सूक्ष्मदर्शकाखाली अंडी आणि पुंजक्या ओळखता येतात. ठाणे-कल्याणच्या महाविद्यालयांतील वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी मेच्या अखेरीस आणि पुन्हा पहिल्या पावसानंतर आपल्या जवळच्या तळ्यांतून नमुने घ्यावेत. एकेका गोलापासून वेगळे वाण वाढवावेत, नर कोणते आणि मादी कोणते ते पडताळावे, आणि प्रत्येक बाटलीवर तळ्याचे नाव व तारीख लिहून ते वाण जपावेत.