यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशन : अर्थव्यवहार व कार्य

तरुणांच्या आध्यात्मिक, बौद्धिक व शारीरिक उन्नतीसाठी कार्य करणारी जागतिक ख्रिस्ती संघटना. वायएमसीए या आद्याक्षरांनी ती सर्वत्र परिचित आहे. लंडन येथे ६ जून १८४४ रोजी तिची स्थापना झाली आणि सुमारे १२० देशांत तिचे कार्य पसरले. खेळ, वसतिगृहे व व्यायामशाळा यांमुळे ही संस्था लोकांना ठाऊक असते. परंतु तिचा इतिहास हा बऱ्याच अंशी तिच्या पैशाचा इतिहास आहे. स्थानिक असोसिएशन आपापला खर्च स्वतः भागविते आणि राष्ट्रीय मंडळाला वर्गणी देते, अशी तिची प्रारंभापासूनची रचना असल्यामुळे ज्या काळी जो वर्ग पैसा देत होता, त्याच्या अपेक्षांची छाप कार्यावर पडत गेली.

संस्थापक जॉर्ज विल्यम्स (११ ऑक्टोबर १८२१–६ नोव्हेंबर १९०५) हा सॉमरसेट परगण्यातील शेतकरी कुटुंबातून लंडनला आलेला कापड-दुकानातील नोकर. सेंट पॉल्स कॅथीड्रलच्या आवारालगत असलेल्या ‘हिचकॉक अँड रॉजर्स’ या पेढीत सुमारे १४० नोकर होते. ते दुकानाच्या वरच्या मजल्यांवर राहत व दिवसाचे चौदा तास, कधी त्याहूनही अधिक, काम करीत. विल्यम्स व त्याचे सहकारी मिळून बारा तरुणांनी प्रार्थना आणि बायबलवाचन यांसाठी ही संघटना काढली. पेढीचा मालक जॉर्ज हिचकॉक हा तिचा पहिला कोषाध्यक्ष झाला, ही गोष्ट पुढील वाटचालीच्या दृष्टीने सूचक आहे. नोकरांची संघटना असूनही तिची तिजोरी मालकाच्या हाती होती. कामाचे तास कमी व्हावेत, या चळवळीला हिचकॉकचा पाठिंबा होता हे खरे. तथापि मालक आणि नोकर यांच्यात तंटा निर्माण होईल अशा प्रश्नांत असोसिएशनने सहसा हात घातला नाही. विल्यम्सने १८५३ मध्ये हिचकॉकच्या मुलीशी विवाह केला, तो पुढे पेढीचा भागीदार झाला आणि आयुष्यभर असोसिएशनला देणग्या देत राहिला. १८९४ मध्ये त्याला ‘सर’ हा किताब मिळाला.

१८५१ च्या लंडन येथील महाप्रदर्शनास आलेल्या परदेशी पाहुण्यांमार्फत संघटनेची माहिती बाहेर गेली. त्याच वर्षाच्या अखेरीस माँट्रिऑल व बॉस्टन येथे शाखा निघाल्या. १८५५ मध्ये पॅरिस येथे नऊ देशांच्या ९९ प्रतिनिधींनी जागतिक संघ स्थापन केला. रेडक्रॉसचा प्रवर्तक आंरी द्यूनां हा या घडामोडींतील एक प्रमुख कार्यकर्ता होता.

अमेरिकेत संस्थेचे रूप पालटले. न्यूयॉर्क येथील तेविसाव्या रस्त्यावर १८६९ मध्ये उघडलेल्या इमारतीस सुमारे पाच लक्ष डॉलर खर्च आला. ग्रंथालय, सभागृह व व्यायामशाळा यांबरोबरच तळमजल्यावरील दुकाने भाड्याने देऊन उत्पन्न मिळविण्याची सोय तीत होती. हा नमुना इतर शहरांनी उचलला. त्याच वर्षी पोर्टलंड येथील अधिवेशनात मताधिकार फक्त इव्हँजेलिकल चर्चच्या सभासदांपुरता मर्यादित करण्यात आला. वर्गणी भरून सोयींचा लाभ मात्र कोणालाही घेता येई. व्यायामशाळा आणि खोल्या यांचे पैसे भरणारा मोठा समुदाय व निर्णय घेणारा लहान गट असे दोन थर त्यामुळे निर्माण झाले. रेल्वे कंपन्यांनी १८७२ नंतर आपल्या कामगारांसाठी शाखा काढण्यास साहाय्य केले आणि त्यांच्या चालू खर्चाचा बराच भार उचलला. मुक्कामाच्या गावी स्वच्छ बिछाना, गरम पाणी व दारूविना करमणूक हे कामगाराला हवेच होते. १८७७ च्या संपानंतर शांत, व्यसनमुक्त कामगार कंपन्यांनाही हवा होता. या शाखांचे मूल्य ठरविताना या दोन्ही बाजू ध्यानात घ्याव्या लागतात.

निधिसंकलनाच्या तंत्रात असोसिएशनने घातलेली भर विशेष महत्त्वाची आहे. चार्ल्स सम्नर वॉर्ड व लायमन पीअर्स या तिच्या चिटणिसांनी विसाव्या शतकाच्या आरंभी अल्पमुदतीच्या मोहिमेची पद्धत रूढ केली. १९०५ ची वॉशिंग्टन येथील मोहीम तिचे ठळक उदाहरण होय. आधी रक्कम व मुदत जाहीर करावयाची, मोठ्या देणग्यांची आश्वासने अगोदर मिळवावयाची, स्वयंसेवकांच्या तुकड्या पाडून त्यांच्यात चुरस लावावयाची आणि जमलेला आकडा भर चौकात मोठ्या घड्याळावर रोज दाखवावयाचा, असे तिचे स्वरूप होते. रुग्णालये, महाविद्यालये व रेडक्रॉस यांनी ती लगेच उचलली. आज कोणत्याही धर्मादाय मोहिमेत दिसणारी ही रीत मुळात या तरुण-संघटनेच्या इमारतींसाठी घडली, हे सहसा ध्यानात येत नाही. तिचा एक परिणाम असा झाला, की इमारतीसाठी पैसा सुलभतेने उभा राहू लागला. पण तीत दरवर्षी होणाऱ्या खर्चासाठी तसा उत्साह निर्माण करणे अवघड ठरले. ही उणीव भरून काढण्याचे काम वसतिगृहांच्या भाड्याने केले. १९२२ ते १९४० या काळात अमेरिकेतील वायएमसीएच्या खोल्यांची संख्या सुमारे ५५,००० वरून एक लक्षाच्या वर गेली.

देणगीदाराच्या अटीने काय साधते व काय निसटते, हे ज्यूलियस रोझेनवॉल्डच्या देणग्यांवरून दिसते. शिकागोचा हा ज्यू व्यापारी कोणत्याही शहराने ७५,००० डॉलर जमविल्यास कृष्णवर्णीयांच्या वायएमसीए इमारतीसाठी २५,००० डॉलर देई. त्याने १९१० च्या सुमारास ही योजना मांडली व तीमधून सुमारे पंचवीस इमारती उभ्या राहिल्या. गोऱ्यांच्या शाखांत प्रवेश नसलेल्या तरुणांना हॉटेल, ग्रंथालय व पोहण्याचा तलाव प्रथमच उपलब्ध झाला. परंतु याच पैशाने वर्णविभाजन विटा-चुन्यात पक्केही केले. १९१३ मध्ये उघडलेल्या शिकागोच्या वॉबॅश अ‍ॅव्हेन्यू शाखेत कार्टर वुडसनने १९१५ मध्ये कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचे अध्ययन करणारी संस्था स्थापिली. असा परिणाम कोणत्याही वार्षिक ताळेबंदात नोंदला जाणारा नव्हता. राष्ट्रीय मंडळाने विभक्त शाखांविरुद्ध ठराव केला तो १९४६ मध्ये.

पहिल्या महायुद्धात संस्थेची आर्थिक उलाढाल कळसाला पोहोचली. अमेरिकन सैन्याच्या सेवेसाठी नोव्हेंबर १९१७ मध्ये तिने साडेतीन कोटी डॉलर मागितले, तर पाच कोटींहून अधिक जमले. पुढील वर्षी सात संस्थांची संयुक्त मोहीम जॉन मॉट याच्या नेतृत्वाखाली १७.०५ कोटी डॉलरच्या उद्दिष्टाने निघाली. त्यांपैकी १० कोटी वायएमसीएचे होते. मोहिमेचा प्रारंभ ११ नोव्हेंबर १९१८ रोजी, म्हणजे शस्त्रसंधीच्याच दिवशी झाला आणि तरीही २० कोटींवर निधी मिळाला. मात्र याच काळात संस्थेला सर्वांत कडू टीका ऐकावी लागली. सैन्याच्या विनंतीवरून तिने फ्रान्समधील उपाहारगृहांचे दुकान-विक्रीचे काम पत्करले होते. घरच्यांनी संस्थेला देणगी दिली असता आपल्याला सिगारेटचे पैसे का द्यावे लागतात, असा सैनिकांचा सवाल होता. भेट म्हणून पाठविलेल्या काही सिगारेटी चुकून विक्रीस गेल्याच्या तक्रारींनी रोष वाढला. व्याख्याने, चित्रपट, खेळ, पत्रलेखनाचे साहित्य, सुटीतील विश्रामस्थाने अशी अफाट सेवा तिने केली होती. पण सैनिकांच्या आठवणीत गल्ला राहिला. दान व विक्री एकाच खिडकीतून केल्याची ती किंमत होती, असे म्हणता येईल.

भारतात पहिली शाखा कलकत्त्यास १८५७ मध्ये, मुंबईची १८७५ मध्ये व मद्रासची १८९० मध्ये निघाली. राष्ट्रीय मंडळ १८९१ मध्ये स्थापन झाले. मद्रासच्या एस्प्लनेडवरील इमारतीचा पैसा अमेरिकेतील व्यापारी जॉन वॉनामेकर याने दिला. १९१० मध्ये राष्ट्राध्यक्ष टॅफ्ट यांच्या उपस्थितीत व्हाइट हाउसमध्ये परदेशी इमारतींसाठी सभा भरली आणि त्या मोहिमेस जॉन डी. रॉकफेलरने ५,४०,००० डॉलर देऊ केले. चिटणीस परदेशी, त्याचा पगार परदेशी व वास्तूही परदेशी देणगीची, अशी ही मांडणी होती. भारतीय ख्रिस्ती नेत्यांना तिची अडचण लवकर जाणवली. असोसिएशनचे चिटणीस असलेले व्ही. एस्. अझरिया हे १९०५ मध्ये सेरामपूर येथे स्थापन झालेल्या नॅशनल मिशनरी सोसायटीचे एक संस्थापक होते. भारतीय माणसे, भारतीय पैसा व भारतीय व्यवस्था हे तिचे तत्त्व होते. त्या संस्थेत काम केलेले के. टी. पॉल (१८७६–१९३१) १९१६ मध्ये वायएमसीएचे पहिले भारतीय राष्ट्रीय महाचिटणीस झाले.

पॉल यांनी लक्ष शहरी इमारतींकडून खेड्यांकडे वळविले. सावकारी कर्जाच्या विळख्यातील शेतकऱ्यासाठी सहकारी पतपुरवठा ही त्यांच्या ग्रामीण कार्याची पहिली पायरी होती. त्रावणकोरमधील मार्तंडम् (सध्या तमिळनाडूत) येथे १९२० नंतरच्या दशकात डी. स्पेन्सर हॅच या अमेरिकन कार्यकर्त्याच्या देखरेखीखाली ग्रामोद्धार केंद्र उभे राहिले. गावकऱ्याने स्वतः करावयाचे व संस्थेने जवळून जाणकार सल्ला द्यावयाचा, हे तेथील सूत्र होते. सुधारित कोंबड्या, मधमाशीपालन, अंड्यांची प्रतवारी करून सहकारी विक्री असे लहान भांडवलाचे उद्योग निवडण्यात आले. परिसरातील मधाचा व्यवसाय त्यानंतर दीर्घकाळ टिकला. न्यूयॉर्कच्या एका इमारतीच्या खर्चाशी तुलना करता हा उपक्रम क्षुल्लक रकमेचा होता. परंतु भारतातील ग्रामविकासाच्या पुढील प्रयोगांची चर्चा करताना त्याचा उल्लेख टाळता येत नाही.

दुसरे टिकाऊ फळ शारीरिक शिक्षणाचे. स्प्रिंगफील्ड येथील वायएमसीए प्रशिक्षण विद्यालयात जेम्स नेस्मिथने १८९१ मध्ये बास्केटबॉलचा आणि होलिओक शाखेत विल्यम मॉर्गनने १८९५ मध्ये व्हॉलीबॉलचा शोध लावला. दोन्ही खेळांना थोडे साहित्य पुरत असल्याने ते भारतातील शाळांतही रुजले. हॅरी क्रो बक यांनी मद्रास येथे १९२० मध्ये शारीरिक शिक्षण महाविद्यालय सुरू केले. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकला गेलेल्या भारतीय चमूचे ते व्यवस्थापक होते. मुंबईचे उद्योगपती सर दोराबजी टाटा १९२७ मध्ये भारतीय ऑलिंपिक संघटनेचे अध्यक्ष झाले, तेव्हा तिचे पहिले चिटणीस वायएमसीएचे डॉ. ए. जी. नोहरेन होते.

१९२९ नंतरच्या मंदीत अमेरिकन साहाय्य आटले व परदेशी चिटणीस मोठ्या प्रमाणात परत गेले. परदेशातील कार्याची स्वतंत्र पाहणी होऊन तिचा वृत्तांत १९३२ मध्ये प्रसिद्ध झाला. भारतीय शाखांना वसतिगृहांच्या उत्पन्नाचा आधार घ्यावा लागला. शहरांतील मोक्याच्या जागा हे त्यांचे मुख्य भांडवल ठरले. गावातून नोकरीसाठी मुंबईत आलेल्या तरुणाला परवडणारी खोली देणे आणि प्रवाशांकडून भाडे घेऊन ताळेबंद सांभाळणे, यांत मेळ घालण्याचा प्रश्न तेव्हापासून शाखांपुढे आहे. परकीय देणग्यांवर १९७६ व २०१० च्या अधिनियमांनी नियंत्रण आल्यावर स्थानिक उत्पन्नाचे महत्त्व आणखी वाढले.

पश्चिमेकडे हाच प्रश्न निराळ्या स्वरूपात पुढे आला. अमेरिकेत व्यायामशाळेच्या शुल्कावर चालणाऱ्या शाखांना धर्मादाय म्हणून करमाफी का असावी, अशी हरकत खाजगी व्यायामगृहांनी १९८० नंतर घेतली. ऑरेगन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये पोर्टलंड येथील एका वायएमसीए व्यायामकेंद्राची मालमत्ता-करमाफी नाकारली. सेवेचा लाभ सवलतीत किती जणांना मिळतो, हे त्या वादात कळीचे ठरले. इंग्लंडमध्ये संस्था निराधार तरुणांच्या निवासासाठी शासकीय निधीवर अवलंबून राहू लागली. तेथील स्थानिक प्रशासनांचा युवकसेवेवरील खर्च २०१० नंतरच्या दशकात सुमारे ७० टक्क्यांनी घटला, असे तिनेच केलेल्या पाहणीत आढळले. अमेरिकेतील राष्ट्रीय संघटनेने २०१० मध्ये ‘द वाय’ हे सुटसुटीत नाव स्वीकारले. जागतिक संघाची कचेरी जिनीव्हा येथे आहे.