जीपचे पाटे

१९४७ साली महिंद्रांनी मुंबईत विलीज जीप जोडायला घेतली. चारही चाकांवर पोलादी पाटे, म्हणजे टांग्याच्या कमानीचाच प्रकार. पुढे आमच्या जुन्नर-आंबेगावच्या डोंगरपट्ट्यात ह्या जीपा वडापला लागल्या. माणसे कोंबायची, म्हणून चालक यू-बोल्ट सोडून थप्पीत एखादा पाटा वाढवून घेत. बसलेली जीप उचलली जाई. पण रिकामी धावली की आतल्याची हाडे खिळखिळी! (मी अनुभवले आहे.)

बहिणीचे दिवस भरले होते, घोडेगावला न्यायचे होते. चालक आधी मागे हिरड्याची पोती चढवू लागला. मी संतापलो. तो म्हणाला, "गुरुजी, पाटे दबल्याशिवाय ताईंना हादरे सोसायचे नाहीत."

भाची आता चाळिशीत आहे.