जात्यासमोरची दुसरी बाई

डेटाबेस म्हटलं की आम्हाला आठवतात ग्राहकांचे नाव-पत्ते, नाहीतर बँकेचे व्यवहार. पण एका डेटाबेसमध्ये लाखाहून जास्त नोंदी आहेत आणि त्या सगळ्या बायकांनी दळताना गायलेल्या ओव्या आहेत, हे कळलं आणि माझी शनिवारची अख्खी संध्याकाळ त्यातच गेली.

ही परंपरा किती जुनी? चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या 'मानसोल्लास' या 12व्या शतकातल्या संस्कृत ग्रंथात, महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात असा उल्लेख आहे. म्हणजे ज्ञानेश्वरीच्याही (1290) आधी!

आता ते चित्र डोळ्यांसमोर आणा. पहाटेचा अंधार, घर अजून झोपलेलं. दोघी जणी समोरासमोर बसल्यात, एकाच खुंट्याला दोघींचे हात. जात्याची घरघर एवढी की शब्द समोरचीला कळावेत, आतल्या खोलीत कळू नयेत. दिवसभर सासूपुढे, नवऱ्यापुढे तोंड उघडायची सोय नाही. मग मनातलं बोलायचं ते इथंच. म्हणून तर कितीतरी ओव्यांत जात्यालाच ईश्वर म्हणून हाक मारलेली असते.

यातली खरी युक्ती म्हणजे तक्रार 'माझी' म्हणून करावीच लागत नाही. सीता आहे ना! ओव्यांतली सीता ही पक्की सासुरवाशीण आहे. काही ओव्यांत तर असं येतं की सीतेचा सासुरवास रामाने देशोदेशीच्या बायकांना वाटून दिला. काय जबरदस्त कल्पना आहे! म्हणजे माझ्या वाट्याला आलंय ते सीतेच्या दुःखातलं थोडंसं, आणि समोर बसलेल्या जावेच्या वाट्यालाही त्यातलंच थोडं. याने सासू काही बदलत नाही. पण दुःख एकटीचं राहत नाही. आपण आज ज्याला सपोर्ट ग्रुप म्हणतो तो हाच की! ना फी, ना अपॉइंटमेंट. :)

1980 च्या दशकापासून पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी सहकाऱ्यांसह हजाराहून जास्त गावांतून या ओव्या गोळा केल्या. तोवर गावोगावी पिठाच्या गिरण्या पोचल्या होत्या, त्यामुळे वेळ थोडाच होता. पुढे बर्नार्ड बेल या संगीत आणि संगणक दोन्ही जाणणाऱ्या अभ्यासकाने त्यांचा डेटाबेस उभारला. पॉइतवाँ 2004 साली गेले. 2017 पासून 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया' या ओव्या इंटरनेटवर प्रकाशित करू लागलं.

गिरणी आली हे चांगलंच झालं. रोज पहाटे उठून कुणी हात भरून येईस्तोवर दळावं असं म्हणणाऱ्याने आधी स्वतः शेरभर ज्वारी दळून दाखवावी. पण जातं गेलं तशी दोघींनी समोरासमोर बसायची ती जागाही गेली, आणि तिच्या बदल्यात काही आलं नाही.

डेटाबेसमध्ये ओवीचे शब्द आहेत, विषय आहे, गाव आहे, गाणारीचं नाव आहे. समोर बसून पुढची ओवी उचलणारीसाठी मात्र रकाना नाही. आपणही उदास वाटलं की हेडफोन लावतो आणि गाणं ऐकतो, एकेकटेच. असो. या आठवड्यात ते हेडफोन जरा काढून एखाद्या मित्राकडे जाऊन यावं म्हणतोय.